टँकरचं परीक्षण: केसी-४६ए, ए-३३० एमआरटीटी आणि आपलं आयएल-७८

टँकर म्हणजे उडत्या विमानाला हवेतच इंधन देणारं विमान. त्याच्या माहितीपत्रकात दोन आकडे ठळक छापलेले असतात: किती टन इंधन नेतो आणि मिनिटाला किती देतो. बोईंगचं केसी-४६ए साधारण ९६ टन इंधन घेऊन उडतं, एअरबसचं ए-३३० एमआरटीटी १११ टन, तेही पोटात जादा टाकी न बसवता. दोघांचेही बूम, म्हणजे इंधन देणारे ताठ नळ, मिनिटाला १,२०० अमेरिकी गॅलन, म्हणजे जवळपास ३,६०० किलो इंधन देतात. एवढ्यावरच निवड करायची तर ती पाच मिनिटांत उरकेल. पण अपघातांचे अहवाल चाळले की कारणं वेगळीच निघतात. कुणी वेगात आत आलं, नळाचं टोक म्हणजे नॉझल मागच्या विमानाच्या इंधन घेणाऱ्या खाचेत, सॉकेटमध्ये, अडकलं, पाइपला लाट आली, ऑपरेटरला अंतर कळलं नाही. त्यामुळे इथे गुण तीन गोष्टींना आहेत: इंधन देणाऱ्याला खरं चित्र दिसतं का, जोडणी झाल्यावर यंत्रणा किती लवते, आणि सोडायची वेळ आली की झटक्यात सोडते का.

पद्धती दोन आहेत. बूम हा टँकरच्या शेपटीखालचा ताठ, आत-बाहेर सरकणारा नळ. मागचं विमान ठरलेल्या जागी स्थिर राहतं आणि ऑपरेटर बूमवरची छोटी पंखं हलवून नॉझल त्याच्या सॉकेटमध्ये बसवतो. दुसऱ्या पद्धतीत टँकरमागे लवचिक पाइप सुटतो, त्याच्या टोकाला शंकूसारखी टोपली असते आणि मागच्या वैमानिकाने आपला प्रोब, म्हणजे विमानातून पुढे आलेली इंधन घेणारी नळी, तिच्यात घुसवायचा असतो. बूममध्ये कौशल्य टँकरवाल्याचं लागतं, टोपलीत मागच्याचं. अमेरिकी हवाई दल बूमवालं. अमेरिकी नौदल, युरोपातली बरीच हवाई दलं आणि आपण प्रोबवाले.

केसी-४६ए

१९५७ पासून सेवेत असलेल्या केसी-१३५ मध्ये ऑपरेटर शेपटीजवळच्या खिडकीशी पालथा झोपून मागचं विमान थेट डोळ्यांनी बघतो. २०११ च्या कंत्राटातून आलेल्या केसी-४६ मध्ये ती खिडकी गेली. ऑपरेटर कॉकपिटमागे खुर्चीत बसतो, थ्रीडी चष्मा लावतो आणि शेपटीकडच्या कॅमेऱ्यांचं चित्र पडद्यावर बघून बूम चालवतो. पाठीला आराम मिळाला हे कबूल. पण ऊन विशिष्ट कोनातून आलं की चित्र एकतर पांढरं पडतं नाहीतर सावलीत बुडतं, आणि दोन कॅमेऱ्यांची दृश्यं एकत्र करताना पडद्यावरची खोली प्रत्यक्षाशी जुळत नाही. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघितला की ऑपरेटरची अडचण लक्षात येईल. फरक इतकाच की इथली सुई ताशी काही शे किलोमीटर वेगाने पुढे चाललेली असते.

याचा परिणाम असा की नॉझल सॉकेटच्या बाजूला विमानाच्या पत्र्यावर घासतं आणि ऑपरेटरला त्याचा पत्ताही नसतो. साध्या मालवाहू विमानाला एक ओरखडा पडेल. एफ-२२ किंवा एफ-३५ ची रडार शोषणारी लेपणं खरवडली गेली तर विमानाचा मुख्य गुणच कमी होतो. अमेरिकी हवाई दलाने हा दोष सर्वांत गंभीर गटात टाकला. बोईंगने २०२० च्या एप्रिलमध्ये स्वखर्चाने नवी दृश्यप्रणाली देण्याचं मान्य केलं: रंगीत ४के कॅमेरे, मोठे पडदे, मागच्या विमानाचं अंतर मोजणारा लेसर. तिचा वायदा आधी २०२३ चा होता, तो सरकत सरकत २०२७ वर गेला. खिडकी काढायचा निर्णय चूक नव्हता. कॅमेऱ्याचं चित्र सगळ्या प्रकाशात सिद्ध होण्याआधी ती काढली, ही मात्र 'आधी कळस मग पाया' अशातली गत.

दुसरा दोष ताठपणाचा. जोडणी झाल्यावर मागचं विमान थोडं पुढे-मागे होतंच, त्यासाठी बूमचा आतला नळ सहज सरकला पाहिजे. केसी-४६ चा नळ सरकवायला जोर जास्त लागतो. ए-१० सारख्या कमी ताकदीच्या विमानाला जागेवर राहायला जादा थ्रॉटल द्यावा लागतो. मग जोडणी सुटली की समोरचा अडसर नाहीसा होतो, इंजिनचा जोर मात्र तसाच असतो, आणि विमान टँकरच्या दिशेने झेपावतं. या दोषाचं बिल हवाई दलाने स्वतः भरलं, कारण मूळ मागणीपत्रातला मापदंड त्यांचाच होता. २०१९ मध्ये बूमच्या सरकत्या भागाचा अ‍ॅक्चुएटर, म्हणजे तो हलवणारं यंत्र, नव्याने घडवायला ५.५५ कोटी डॉलरचं काम दिलं गेलं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये केसी-४६ जगभरातल्या कामगिरीसाठी खुलं झालं, तेव्हाही ए-१० यादीबाहेरच होतं.

तिसरा प्रकार मला सर्वांत चिंतेचा वाटतो: नॉझल अडकणं. मागचं विमान वेगात आत आलं किंवा बाजूला सरकलं की नॉझलवर तिरका दाब येतो. नॉझल धरून ठेवणाऱ्या खिट्ट्या उघडूनही ते सॉकेटमध्ये आवळून बसतं. अशा वेळी ऑपरेटरने स्टिकवर दिलेला जोर बूममध्ये साठत जातो, आणि नॉझल निसटताक्षणी बूम वर उसळून टँकरच्याच शेपटीवर आदळू शकतो. २०२२ मध्ये एफ-१५ आणि एफ-२२ ला, २०२४ मध्ये पुन्हा एफ-१५ ला इंधन देताना केसी-४६ च्या बूमची अशी मोडतोड झाली. ऑपरेटरचं प्रशिक्षण वाढवणं आवश्यक आहेच. पण अडकलेल्या नॉझलवर किती जोर साचलाय हे ऑपरेटरला आधी कळलं, तर त्या प्रशिक्षणाला काही अर्थ. ही उणीव पडदे आणि कॅमेरे बदलून भरून निघणारी नाही.

ए-३३० एमआरटीटी

एअरबसचं कौतुक करण्याआधी त्यांचाही इतिहास सांगायला हवा. २०११ च्या जानेवारीत अटलांटिकवर चाचणी चालू असताना, पोर्तुगीज एफ-१६ मागे असताना, ए-३३० चा बूम तुटून समुद्रात पडला. २०१२ मध्ये स्पेनवर आणखी एक बूम निखळला. दोन्ही वेळा माणसं सुखरूप उतरली.

त्यानंतरचं काम मात्र नेटकं आहे. बूम पूर्णपणे फ्लाय-बाय-वायर आहे, म्हणजे संगणकामार्फत विजेच्या संकेतांवर चालतो, आणि नॉझलवर आडवा दाब आला की बूम स्वतःहून त्या दिशेला सरकून ताण कमी करतो. इथेही ऑपरेटर पुढेच बसतो आणि कॅमेऱ्यांवरच काम करतो, म्हणजे खिडकी नसणं हे अपयशाचं कारण नव्हे.

खरी भर पडते ती स्वयंचलित यंत्रणेत, जिला ते ए-३-आर म्हणतात. ऑपरेटर ती चालू करतो. कॅमेऱ्याच्या चित्रातून संगणक मागच्या विमानाचं सॉकेट शोधतो, बूम त्याच्या समोर नेऊन धरतो, दोघांची सापेक्ष हालचाल क्षणाक्षणाला तपासतो आणि विमान पुरेसं स्थिर असेल तरच नळ पुढे सोडतो. ऑपरेटर देखरेख करतो आणि केव्हाही तोडू शकतो. मागच्या विमानात एकही नवा भाग बसवावा लागत नाही, ही यातली सर्वांत हुशारीची गोष्ट, कारण डझनभर प्रकारच्या विमानांत बदल करायचे म्हटले तर प्रकल्प तिथेच बारगळतो. पोर्तुगीज एफ-१६ आणि सिंगापूरच्या विमानांवर चाचण्या झाल्या, आणि २०२२ च्या जुलैमध्ये स्पेनच्या आयएनटीए या सरकारी विमानतंत्र संस्थेने दिवसाच्या कामासाठी प्रमाणपत्र दिलं. अशा यंत्रणेला मिळालेलं हे जगातलं पहिलंच. 'दिवसाच्या' हा शब्द खरेदीदाराने अधोरेखित करून ठेवावा. पण अंतराचा अंदाज माणसाच्या डोळ्यावर न सोडता मोजून घ्यायचा, ही दिशा बरोबर आहे. बूमच्या बाबतीत माझं मत ए-३३० ला.

पॉड, पाइप, टोपली

आपल्याकडे खरा प्रश्न इथे आहे. पुण्याच्या लोहगावचं सुखोई-३० असो, राफेल असो की तेजस, सगळी प्रोबवाली. हवाई दलाच्या ताफ्यात बूमने इंधन घेणारं सॉकेट आहे ते सी-१७ सारख्या मोजक्या वाहतूक विमानांना. म्हणजे भारतासाठी टँकरचं मूल्य त्याच्या पंखाखालच्या पॉडवर, म्हणजे पाइप गुंडाळून ठेवणाऱ्या आणि सोडणाऱ्या डब्यावर, ठरतं. ए-३३० वरचा कोभम कंपनीचा ९०५ई पॉड मिनिटाला १,३०० किलोच्या आसपास इंधन देतो. लढाऊ विमानाला तेवढं पुरतं.

क्रम असा. मागचं विमान आधी टँकरच्या डाव्या बाजूला येऊन थांबतं. बोलावलं की टोपलीच्या मागे येऊन वेग जुळवतं. पॉडवर पिवळा दिवा म्हणजे या. तीन ते पाच नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) जादा वेगाने पुढे जायचं, प्रोब बसला की पाइप काही फूट आत ढकलायचा. तेवढं ढकललं की व्हॉल्व्ह उघडतो, हिरवा दिवा लागतो आणि इंधन वाहू लागतं. झालं की सरळ रेषेत, हळू मागे. पाइप पूर्ण ताणला गेला की प्रोब सुटतो. मग उजव्या बाजूला जाऊन थांबायचं. लाल दिवा किंवा रेडिओवर तीनदा 'ब्रेकअवे' आलं की वेग कमी करून खाली, काहीही न विचारता.

बिघडतं ते बहुतेक वेळा वेगात. फार हळू गेलात तर नाकासमोरची हवा टोपलीला बाजूला ढकलते, किंवा प्रोब अर्धवट बसतो आणि इंधन फवारून काचेवर, कधी इंजिनच्या तोंडात जातं. फार जोरात गेलात तर पाइप ढिला पडतो. पॉडमधल्या ड्रमने तो ढिलेपणा तत्काळ गुंडाळून घ्यायला हवा. नाही गुंडाळला तर पाइपमध्ये लाट तयार होते, पॉडपर्यंत जाऊन परतते आणि प्रोबच्या टोकाला झटका देते. टोकाचा भाग मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, म्हणजे मोडलंच तर तेवढंच मोडेल आणि विमान वाचेल. ते टोक टोपलीत अडकून राहतं, आणि त्या पाइपवर मग त्या फेरीत कुणालाच इंधन मिळत नाही. रांगेत चार विमानं असतील आणि खाली समुद्र असेल तर ही किरकोळ गोष्ट राहत नाही. नवशिक्यांना म्हणूनच एकच गोष्ट घोकून घेतात: टोपलीकडे बघू नका, पॉडवरच्या खुणा बघा. टोपलीचा पाठलाग केला की माणूस तिच्याच लयीत डुलायला लागतो.

रात्री यात भर पडते. २०१८ मध्ये जपानजवळ अमेरिकी मरीनच्या एफ-१८ आणि केसी-१३० टँकरची टक्कर झाली आणि सहा जण गेले. ती जोडणी करताना झाली नव्हती; इंधन घेऊन बाजूला होण्याच्या टप्प्यात झाली. त्यामुळे टँकरवरचे दिवे, ते नाइट व्हिजन गॉगलमधून कसे दिसतात आणि बाजूला होण्याची दिशा ठरलेली असणं, हे पंपाच्या ताकदीइतकंच तपासून घ्यायला हवं.

आपल्या हवाई दलाच्या आयएल-७८एमकेआय टँकरबद्दल थोडक्यात. २००३ पासून आग्र्याला असलेली सहा विमानं, एका वेळी तीन पाइप सोडण्याची सोय, दणकट बांधणी. तेजसने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये याच विमानाकडून २०,००० फुटांवर, २७० नॉट वेगाने १,९०० किलो इंधन घेतलं, ते सुरळीत. दुखणं उपलब्धतेचं. कॅगच्या २०१७ च्या अहवालात २०१० ते २०१६ ची सरासरी ४९ टक्के दिली आहे, अपेक्षा ७० ची होती. सहातली तीन जमिनीवर असतील तर उरलेल्यांवर ताण येतो, वैमानिकांचा सराव कमी होतो, आणि सराव कमी झाला की वर लिहिलेल्या सगळ्या चुका वाढतात. गोव्याच्या आयएनएस हंसावरची मिग-२९के एकमेकांना बडी पॉडने इंधन देऊ शकतात. अडीअडचणीला ते ठीक, पण देणाऱ्याचीच टाकी लहान, त्यामुळे मोठ्या टँकरला तो पर्याय नव्हे.

नव्या टँकरच्या निविदेत बूमच्या चकचकीत फिल्मा बघण्याआधी पॉडवाल्याकडून हे लेखी घ्यावं: दोन, पाच आणि सात नॉट जोडणीवेगाला ड्रम किती लवकर ढिला पाइप गुंडाळतो, प्रोबचं टोक किती जोराला मोडतं आणि ते सुखोई, राफेल, तेजस या तिघांना एकाच टोपलीत चालतं का, पाइप आत ओढला गेला नाही तर तो कापून टाकायची सोय कशी चालते, प्रत्येक जोडणीचं चित्रीकरण आणि पाइपवरच्या ताणाची नोंद जमिनीवर मिळते का. आणि सुट्या टोपल्या व टोकं पहिल्याच ऑर्डरमध्ये लिहून घ्यावीत. पाच वर्षांनी ती वेगळी मागवायला गेलं की टँकर उभा राहतो.