दांडी पडते! फोल्डिंग गाडीतून झाडावर चढायचं सामान ओढल्याचे आठ महिने

या गाडीची दांडी पडते. गाडी थांबवली, हात सोडला, की दांडी धाडकन खाली. कोरड्यात पडली तर घोट्यावर, ओल्यात पडली तर राडीत. आठ महिन्यांत मी किती वेळा वाकून ती उचलली याचा हिशेब नाही, पण काल सकाळी कसबे डिग्रजच्या शिवारात ती थेट पाटात पडली आणि घरी येऊन मी हे लिहायला बसलो.

गाडी म्हणजे तीच, कापडी हौदा, घडी होणारी लोखंडी चौकट आणि चार प्लास्टिकची चाकं. सहलीवाले लोक पोरं आणि डबे घालून ओढतात ती. मापं वगैरे सगळं ऑनलाइन आहे. नाव लिहीत नाही, कारण हीच गाडी चार-पाच नावांनी विकतात, फरक फक्त कापडाच्या रंगाचा. मला दिवाळीच्या सेलमध्ये ५,८०० रुपयांना पडली. बायको म्हणाली, "एवढ्यात बाजाराची हातगाडी आली असती." आली असती, पण माझ्या व्हॅनमध्ये मावली नसती.

माझं काम दोरावरून झाडावर चढून फांद्या उतरवायचं. घरावर किंवा विहिरीवर झुकलेली चिंचेची, वडाची फांदी कापून आपटायची नसते, बांधून हळूहळू खाली सोडायची असते. त्यासाठी लागणारं सामान एकदा ओळखीच्या भुसार दुकानातल्या काट्यावर ठेवलं, ४३ किलो भरलं. चढायचा ११ मिलिमीटरचा ६० मीटर दोरच पाच किलोच्या आसपास. फांदी सोडायचा जाड दोर त्याहून जड. वर अंगाला बांधायचे दोन हार्नेस, हेल्मेटं, कप्प्या, पट्टे, कॅराबिनरांची (दोर अडकवायच्या झडपेच्या कड्यांची) खुळखुळणारी पिशवी, छोटा चेनसॉ, पेट्रोल, ऑइल आणि पाच लिटर पाणी. दोर नायलॉनचा, तो भिजला की पाणी पितो आणि आणखी जड होतो.

आता सांगलीतली सगळी झाडं हरिपूर रस्त्यावरच्या जुन्या चिंचांसारखी डांबराच्या कडेला उभी असती तर मला गाडी लागलीच नसती. (तिथं अडचण निराळी. ५० वर्षांपुढचं झाड २०२१च्या कायदादुरुस्तीपासून हेरिटेज धरतात, परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय डहाळीलाही हात लावायचा नाही.) माझी बरीच गिऱ्हाइकं मळ्यातली. व्हॅन पक्क्या रस्त्याला लावायची आणि पाणंदीनं अर्धा-एक किलोमीटर आत. आधी मी आणि जोडीदार खांद्यावर दोन खेपा करायचो. झाडाखाली पोचेपर्यंत दंड भरून यायचे आणि खरं काम तर तिथून वर सुरू व्हायचं. चढताना हातात ताकद नसली तर काय होतं ते चढणाऱ्याला सांगायला नको.

पहिला महिना मी खूश होतो. मुरमाच्या वाटेवर ४३ किलो एका हातानं यायचे, दुसऱ्या हातात फोन. तेव्हाच लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग कारखाने सुरू झाले. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाणंदीत फूटभर खोल चाकोऱ्या पाडल्या. चाकोरी हा शब्द आपण निबंधात वापरतो, पण तिचा खरा अर्थ मला या गाडीनं शिकवला. ट्रॅक्टरची दोन्ही चाकं दोन चाकोऱ्यांत बसतात, बैलगाडीचीही बसायची. माझी गाडी जेमतेम दोन फूट रुंद. तिचं एक चाक चाकोरीत जातं, दुसरं मधल्या उंचवट्यावर चढतं आणि हौदा कलतो. मधूनच ओढावी तर तिथं गवत आणि ढेकळं. सहा इंची चाक ढेकळावर चढत नाही, त्याला धडकून थांबतं. मोठं चाक तेच ढेकूळ न विचारता ओलांडतं. बैलगाडीचं चाक छातीएवढं का करायचे हे शाळेत कुणी सांगितलं नाही, इथं खांद्याला कळलं.

आणि आपली काळी माती. उसाला पाणी सोडलेलं असेल, पाट फुटून वाटेवर आला असेल, तर दहा पावलांत चारही चाकांवर मातीचे लाडू वळतात. पुढची दोन चाकं वळणारी. त्यांना धरणाऱ्या लोखंडी काट्यात माती घट्ट बसली की ती फिरायची बंद होतात आणि गाडीचा नांगर होतो. मी आता हौद्याच्या खिशात एक जुना उलथना ठेवतो, दर शंभर पावलांनी माती खरवडायला. बायकोला हा उलथना कुठं गेला ते अजून माहीत नाही.

फेब्रुवारीत पुढचं डावं चाक डगमगायला लागलं आणि एके दिवशी विहिरीच्या थारोळ्याजवळ तिरकं होऊन बसलंच. आतला प्लास्टिकचा बुश, म्हणजे चाकाच्या भोकातली नळी, झिजून लांबट झाला होता. कंपनीला फोन केला. व्हिडिओ पाठवा म्हणाले, पाठवला. बिल पाठवा म्हणाले, पाठवलं. मग कळवलं की ही गाडी सपाट पृष्ठभागासाठी आहे. मी त्यांच्याच जाहिरातीतला समुद्राच्या वाळूतला फोटो परत पाठवला. तर उत्तर आलं, व्यावसायिक वापराला वॉरंटी नाही. म्हटलं, मी वापर कशासाठी करतो हे तुम्हाला सांगितलं कोणी? मीच सांगितलं होतं, व्हिडिओत, कौतुकानं. शेवटी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. नंतर आठवड्यानं एक चाक कुरिअरनं आलं. एकच, आणि तेही मागचं.

ते हातात घेऊन मी ओळखीच्या टर्नरकडे गेलो. त्यानं गाडी उलटी केली, चारही चाकं फिरवून बघितली आणि विचारलं, "वजन सगळं पुढंच ठेवतोस का?" मी तसंच ठेवायचो. दोर पहिल्यांदा लागतात म्हणून दोन्ही पिशव्या पुढच्या टोकाला, पाण्याचा कॅनही पुढं. मागच्या चाकांचे बुश जवळपास नवे होते. म्हणजे चार चाकांचं ओझं मी दोन चाकांवर टाकत होतो आणि बोंब कंपनीच्या नावानं. चाकाबद्दलची माझी तक्रार मी इथं अर्धी मागे घेतो. अर्धीच, कारण प्लास्टिकचा बुश तो प्लास्टिकचाच.

टर्नरनं पुढच्या दोन्ही चाकांचे बुश काढून भोक मोठं केलं आणि त्यात ६२०१ नंबरची बेअरिंग ठोकली, आतून १२, बाहेरून ३२ मिलिमीटर. छताच्या पंख्यात हीच असतात, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. नवे बोल्ट आणि मजुरी धरून ४२० रुपये. तेव्हापासून आवाज नाही, डगमग नाही. हवेची चाकं बसवावीत का हेही त्याला विचारलं. तो म्हणाला, बसवतो, पण बांधावर बाभळी आहेत हे लक्षात ठेव. एका काट्यात ट्यूब गेली तर ४३ किलो आणि पंक्चर झालेली गाडी, दोन्ही डोक्यावर. मग भरीव चाकंच राहू दिली.

एक फायदा जाहिरातीत कुठंच नाही. झाडाखाली पोचलो की दोर जमिनीवर ठेवायची गरज राहत नाही. मी वर जातो तसतसा खाली उरणारा दोर जोडीदार हौद्यात सोडत जातो. गुंता होत नाही, माती लागत नाही. हौदा धुतला की स्वच्छ. मात्र पेट्रोल आणि चेनसॉचं ऑइल त्यात ठेवू नका, दोराला ते लागू द्यायचं नाही. मी त्यासाठी मागे एक प्लास्टिकचा क्रेट बांधलाय. वजनही त्यामुळं मागे गेलं.

आणि म्हणूनच दांडी. मित्र म्हणतात, एवढ्याशा दांडीचं काय घेऊन बसलास. ऐका. दांडी राडीत पडते. मूठ चिखलानं भरते. ती धरून मी गाडी ओढतो, झाडाखाली थांबतो आणि त्याच हातानं दोर काढतो. मातीचा बारीक कण दोराच्या विणीत शिरला की प्रत्येक वेळी भार आला, दोर वाकला, की आतल्या धाग्यांवर घासत राहतो. बाहेरून काही दिसत नाही. ज्या दोरावर मी चाळीस फुटांवर लटकतो, त्याला एका स्प्रिंगच्या खटक्यासाठी मी माती चारायची? असा खटका ट्रॉली बॅगेला असतो, स्वस्तातल्या सुद्धा. इथं दिला असता तर कंपनीचे किती गेले असते?

सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून बघितली. उन्हानं ढिली पडली. आकडा लावला, तो पिशवीत अडकायला लागला. काल दांडी पाटात पडली तेव्हा मळ्याचे मालक अण्णा बांधावर बसून बघत होते. पहिल्या दिवसापासून ते या गाडीला बाबागाडी म्हणतात. म्हणाले, "आरं, बैल सोडलं की आमी जुवाखाली टेकू देत हुतो. तुज्या बाबागाडीला टेकू न्हाई व्हय?"

इथवर परवा लिहिलं होतं. पुढचं आज लिहितोय. अण्णांच्याच मळ्यातला बांबू दोन फूट कापला, वरच्या टोकाला खाच पाडली आणि दांडीच्या मुठीखाली टेकवला. खर्च शून्य. दिवसभर दांडी उभी राहिली, मूठ कोरडी, दोर कोरडा. तीन तासांचं काम अडीच तासांत झालं असंही वाटलं, पण ते कदाचित नुसतं वाटलं असेल.

घरी येऊन सामान उतरवताना बघतो तर टेकू नाही. झाडाखालीच राहिला. अण्णांना फोन केला, म्हटलं, तेवढा बाजूला ठेवा, गुरुवारी येतो. ते म्हणाले, "तो व्हय? म्हशीच्या दावणीला ठोकला की रं सांजच्याला."