ब्रदर कॅडफेल: आठ महिने, 14 पुस्तकं आणि आजीची तेलाची बाटली

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा पहिलं हातात घेतलं, आता फेब्रुवारी चालूये आणि 20 कादंबऱ्यांपैकी 14 झाल्यात, म्हणजे लिहायला हरकत नाही. एलिस पीटर्सची ब्रदर कॅडफेल सिरीज. काळ 1137 ते 1145, जागा इंग्लंडमधलं श्रूजबरी, वेल्सच्या हद्दीजवळचं लहानसं गाव, सेव्हर्न नदीने जवळजवळ वेढलेलं आणि पूल ओलांडला की मठ. कॅडफेल चाळिशीपर्यंत क्रुसेडमध्ये (ख्रिश्चनांच्या धर्मयुद्धात) लढलेला, जहाजांवर फिरलेला माणूस, सगळं बघून झाल्यावर साधू झालाय, आता झाडपाल्याची बाग बघतो, काढे करतो, आणि खून पडला की सगळे शेवटी त्याच्याच खोपटात येतात.

मला खिळवलं ते तिसऱ्याने, 'मंक्स-हूड'. मंक्सहूड म्हणजे आपल्या बचनागाचाच, त्या विषारी मुळीचाच, युरोपातला भाऊ. म्हाताऱ्या साधूंच्या सांध्यांना चोळायला कॅडफेलने स्वतः केलेलं तेल कोणीतरी एका माणसाच्या जेवणात घालतं, ओठ बधिर, तोंडात मुंग्या, आणि हा धावत जाऊन बघतो तर मारणारं औषध आपल्याच हातचं. वर त्या माणसाची बायको निघते कॅडफेलशी तरुणपणी लग्न ठरलेली मुलगी. आमच्याकडे आजीच्या गुडघ्याच्या तेलाची बाटली वर्षानुवर्षं फ्रीजवर, ना लेबल ना धड झाकण, ते वाचून मी रात्रीच उठून ती कपाटात कुलपात टाकली आणि सकाळी आजीने घर डोक्यावर घेतलं. कारण सांगितलं तर म्हणे, "अगं बचनाग गोमूत्रात शुद्ध करून घेतात, तुझ्या साधूला एवढं ठाऊक नाही?" म्हटलं आजी, त्याला चोळायचंच होतं, खायला नव्हतं घालायचं.

लेखिकेने (खरं नाव एडिथ पार्जेटर) तरुणपणी केमिस्टच्या दुकानात काम केलेलं, ते जाणवतं. लॅब नाही, फिंगरप्रिंट नाही, सगळं वासावर, डागावर, कपड्याला चिकटलेल्या पानावर. दुसऱ्या पुस्तकात 1138 चा वेढा आहे, राजा स्टीफन किल्ल्यावरच्या 94 जणांना फाशी देतो, कॅडफेल प्रेतं दफनासाठी नीट करायला बसतो आणि मोजतो तर 95. जास्तीच्या माणसाच्या गळ्यावरचा वळ फाशीच्या दोराचा नाही, बारीक दोरीचा. एवढ्या प्रेतांत एक खपून जाईल हा हिशोब करणारा कोण, बस, मी त्या रात्री दोनला झोपले.

आता कुरकुर. प्रत्येक पुस्तकात एक तरुण जोडपं असतं, ते प्रेमात पडलं की समजायचं हे दोघे सुटले, मग संशयितांची यादी आपोआप आखूड होते, दहाव्यानंतर हे फारच कळायला लागतं. इंग्रजी जुन्या वळणाची, पहिली पन्नास पानं डिक्शनरी लागेल. वेळ सांगायला मठातल्या प्रार्थनांची नावं, प्राइम, व्हेस्पर्स, कॉम्प्लाइन, मी सरळ काकडआरती ते शेजारती असं डोक्यात बसवून टाकलं, मग कोण कधी कुठे होता ते नीट लागतं. आणि सेकंडहँड सेट घेताना जपून, मला आलेल्या एका प्रतीत शेवटची पानंच नव्हती, रहस्यकथेची! विकणाऱ्याला मेसेज केला तर म्हणे बाकी पानं चांगलीयत ना. शेवटी ते किंडलवर घेतलं.

सुरुवात दुसऱ्यापासून केलीत तरी चालेल, कारण ह्यू बेरिंगर (पुढे शेरीफ, म्हणजे राजाचा तिथला अधिकारी होतो, कॅडफेलचा दोस्त) तिथेच पहिल्यांदा भेटतो आणि तो भला की बुरा हे बराच वेळ कळत नाही. पहिलं मात्र अजिबात सोडू नका, त्यात साधू वेल्समध्ये एका संत बाईची हाडं आणायला जातात आणि तिथे काय झालं ते माहीत नसेल तर पुढे कॅडफेल त्या हाडांच्या पेटीसमोर उभा राहून मनात का हसतो ते कळणारच नाही.