3,000 ला माझेच शॉकर घेतले आणि 58,000 ला मलाच विकले

लाज गुंडाळून लिहितोय. बायको म्हणाली नको लिहूस, लोक हसतील. हसू देत. पण इंदूरमधे कुणाची पोलो, वेंटो, स्विफ्ट जे काही खाली करायचं, म्हणजे उंची कमी करायचं चाललं असेल त्यानी आधी हे वाचावं.

आकडे आधी सांगतो म्हणजे जखम किती ते कळेल. गाडी माझी पोलो. कॉइलओव्हर किट, म्हणजे उंची कमी-जास्त करता येते असे स्प्रिंग आणि शॉकर, 58,000. सोळा इंची अलॉय चाकं, चार, 42,000. फिटिंग 4,500. जुने स्प्रिंग आणि शॉकर गॅरेजवाल्याला दिले त्याचे 3,000 वजा. एकूण 1,01,500. त्यातले 25,000 यूपीआयनी आणि 76,500 कॅश. टायर दुसऱ्या दुकानातून घेतले 26,400 चे, तो बिचारा सरळ माणूस आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही.

मला यातलं काही कळत नाही असं समजू नका. आठ महिने रात्र रात्र वाचलंय. पोलोचा पीसीडी, म्हणजे बोल्ट किती आणि केवढ्या वर्तुळावर ते माप, 5 बाय 100, सेंटर बोअर, म्हणजे चाकाचं मधलं भोक, 57.1, ओरिजिनल ईटी, म्हणजे चाक किती आत बसतं ते माप, चाळीसच्या आसपास, तो फार कमी केला की चाक बाहेर येतं आणि खड्ड्यात फेंडरला घासतं. पंधरा इंची चाकाच्या 185/60 टायरऐवजी सोळा इंचीला 195/50 टाकला की टायरचा व्यास जवळपास तोच राहतो. हे सगळं तोंडपाठ. तरी फसलो. कारण आकडे पाठ होते आणि माणूस ओळखता आला नाही.

माणूस मराठी निघाला हो. देवास नाक्याकडे छोटं गॅरेज, मी आडनाव सांगितलं तर म्हणे, "अरे भिया, रामबागेतले का तुम्ही? माझी मावशी नारायण बागेत." झालं, आम्ही तिथेच विरघळलो. खोकं उघडून दाखवलं. जर्मन किट, सेकंडहँड, पुण्याच्या गाडीतून काढलेलं म्हणे, थ्रेड स्वच्छ, उंची बदलायची कॉलर बोटानी फिरत होती, मागचे स्प्रिंग वेगळे आणि शॉकर वेगळे, म्हणजे पोलोला जसं पाहिजे तसंच. मी फोटो काढले. खोक्याचा एक कोपरा फाटलेला होता आणि त्यावर खाकी टेप. तो माल खराच होता, आजही मी तेच म्हणीन. तो माझ्या गाडीत गेलाच नाही एवढंच.

गाडी रात्रभर ठेवावी लागेल म्हणाला, अलाइनमेंट सकाळी. ठेवली. का ठेवली? कारण ऑफिस. कारण आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. कारणं भरपूर आहेत, तुम्हालाही सापडतील.

आता तो क्षण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मस्त बसलेली, चाकं चमकताहेत, मी वाकून पुढच्या चाकाच्या कमानीत हात घातला आणि स्प्रिंगला अंगठा लावला तर अंगठा लाल. ओला रंग. सेकंडहँड जर्मन किट, पुण्याहून आलेलं, आणि रंग ओला! मी त्याच्याकडे पाहिलं, तो हसला, "अँटी रस्ट मारलंय भिया, पावसाळा आहे ना." आणि मी काय केलं तर अंगठा जीन्सला पुसला. डाग आहे अजून. दोन वेळा धुतली, गेला नाही. तेव्हा फक्त जॅक लावा म्हटलं असतं तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं, पण मित्र रील काढत होता, चहा आला होता, आणि खरं सांगू, मला खोटं निघायला नकोच होतं. म्हणून नाही बघितलं.

नऊ दिवसांनी आई आणि बायकोला घेऊन महाकालला निघालो. सांवेरच्या अलीकडे स्टिअरिंग थरथरायला लागलं, मग डावीकडून खट खट. थांबलो, बघतो तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट हातानी फिरताहेत. हातानी! आई मागच्या सीटवर स्तोत्र म्हणत होती, तिला मी पंक्चर आहे म्हणून सांगितलं. आजही तिला तेच माहीत आहे.

दुसऱ्या मेकॅनिकनी गाडी लिफ्टवर घेतली आणि आधी काही बोललाच नाही. मग स्प्रिंग धरून फिरवला, तो मोकळा गरगर फिरला. चाक लटकलं की स्प्रिंग सुटा होतो म्हणजे तो कापलेला असण्याची शक्यता दाट, एवढं लक्षात ठेवा. माझेच ओरिजिनल स्प्रिंग ग्राइंडरनी दीड वेटोळं उडवून लाल रंगवलेले. पुढे माझ्याच स्ट्रटवर, म्हणजे पुढच्या शॉकरवर, थ्रेडवाली बाही सरकवलेली, नुसती शोभेला. मागच्या शॉकरचा रंग त्यानी स्क्रूड्रायव्हरनी खरवडला, तर खाली पिवळ्या पेंटची खूण, जी मीच दोन वर्षांपूर्वी सर्व्हिसला देताना केली होती, कोणी पार्ट बदलू नये म्हणून. हसू आलं मला. खरंच आलं.

चाकं तर त्याहून भयंकर. मूळ 5 बाय 112 ची, जुनी भोकं भरून 5 बाय 100 ची नवी पाडलेली, मागून बघितलं की वेल्डिंगचे गोल ठिपके दिसतात. सेंटर बोअर 66.6, म्हणजे चाक जिथे बसतं त्या हबवर सैल, आणि मधे फट भरणारी रिंगही नाही. वर बोल्ट गाडीचेच, ज्यांची बैठक गोल असते, आणि चाकाला कोनवाले पाहिजेत. सैल होणारच होते. चाक घेताना उलटं करून मागून बघा, पुढून सगळीच सुंदर दिसतात.

मग ठाणं. पहिला प्रश्न, "बिल?" बिल नाही. दुसरा, "गाडी नीचे क्यों करवाई?" मग एकानी मला कायदा शिकवला, मोटर व्हेइकल अ‍ॅक्टचं कलम 52, 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, रजिस्ट्रेशनमधे आहे त्यापेक्षा वेगळी गाडी चालत नाही, चालान तुमचंच फाडायला पाहिजे. बरोबर आहे हो, मान्य, ती चूक माझी. पण म्हणून माझे एक लाख खाणारा सुटला का? भारतीय न्याय संहितेचं कलम 318, फसवणूक, आहे ना पुस्तकात? तर म्हणे हा सिविल मामला. अर्ज ठेवून घेतला, एफआयआर नाही, पावतीवर शिक्का मारून घ्यायला तासभर उभा राहिलो. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर तुम्ही त्याला भेटला होतात ना, मग हे सायबर नाही. बँक म्हणते पेमेंट तुम्हीच केलंत. आणि ते 25,000 कुठल्यातरी बाईच्या नावावर गेले होते, गॅरेजच्या नावावर नाही, हे मला स्टेटमेंट काढल्यावर दिसलं. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव येतं. मी वाचलंच नाही. तीन फेऱ्या झाल्या ठाण्याच्या, तपासणारे साहेब दर वेळी बंदोबस्तात. आता ग्राहक आयोगात टाकणार आहे, पाच लाखांपर्यंत फी नाही तिथे, पण पुरावा काय तर व्हॉट्सअ‍ॅपचे चार मेसेज आणि माझी जीन्स.

त्याला फोन केला तेव्हा म्हणाला, "आपल्याच माणसावर आळ घेता भिया?" आणि ब्लॉक.

करायचंच असेल तर फिटिंगच्या वेळी तिथे स्टूल टाकून बसा, सुट्टी काढा, जुने पार्ट घरी न्या, भंगारात द्यायचे तर स्वतः द्या. आणि किटचा नंबर बसवायच्या आधी आणि बसवल्यावर, दोन्ही वेळा फोटोत घ्या. मी फक्त आधीचा घेतला.

गाडी परत ओरिजिनल उंचीवर आहे, त्याचे वेगळे 31,800. परवा मावसभावानी एक रील पाठवला, "हे बघ, स्वस्तात मिळतंय." देवास नाक्याचंच शटर, तेच जर्मन किट, खोक्याचा कोपरा फाटलेला, त्यावर खाकी टेप.