एकांताचा तुरुंग की मौनाचा?

फिलाडेल्फियाचा ईस्टर्न स्टेट तुरुंग 1829 मध्ये उघडला. मधोमध टेहळणीची जागा, तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात रांगा. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी, नळाचं पाणी, लागून छोटं अंगण. जेवण, काम, झोप सगळं एकट्यानं. खर्च जवळपास 7 लाख 80 हजार डॉलर! तेव्हाच्या अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या इमारतींपैकी ही एक.

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगाची कोठडी जेमतेम साडेतीन फूट रुंद, फक्त झोपण्यापुरती. दिवसा सगळे एकत्र कारखान्यात, पण तोंडातून शब्द निघाला की चाबूक. बांधकाम स्वस्त, शिवाय कैद्यांच्या मजुरीतून उत्पन्न. बहुतेक राज्यांनी हाच नमुना उचलला.

स्वस्त म्हणून ऑबर्न चांगला, हे मला अजिबात पटत नाही. फटक्यांचा हिशेब कोणी मांडला? पण एकांतही निर्दोष नव्हता. ऑबर्ननंच 1821 मध्ये काही कैद्यांना पूर्ण एकांतात ठेवून पाहिलं, तेव्हा माणसं वेडी झाली आणि प्रयोग गुंडाळावा लागला.

सात आऱ्यांचा तोच घाट पुढे इंग्रजांनी अंदमानात वापरला. 1906 मध्ये सेल्युलर जेल पुरा झाला, तेव्हा त्यात जवळपास 700 एकांतकोठड्या होत्या.