ग्लेझचे पट्टे मारलेली भिंत : काही महिन्यांच्या वापरानंतर

पट्टे अजूनही तितकेच आवडतात, हे आधी सांगतो. सोफ्यामागच्या भिंतीवर भावाने आणि मी मिळून ग्लेझचे नऊ इंची उभे पट्टे काढले. ग्लेझ म्हणजे रंगात मिसळायचं पारदर्शक माध्यम. त्यामुळे खालचा रंग झिरपून दिसतो आणि मिश्रण सावकाश वाळतं, म्हणून ओल्यातच ब्रश ओढून रेघा उमटवता येतात. आमचं प्रमाण चार भाग ग्लेझला एक भाग रंग असं होतं.

खालचा बेस सॅटिन फिनिशचा, म्हणजे किंचित चमक असलेला हवा, यावर मी ठाम आहे. मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग ग्लेझ शोषून घेतो, मग ब्रश अडकत जातो. बेस पूर्ण २४ तास वाळू दिला. आखणी ओळंब्याने केली, कारण घराचे कोपरे क्वचितच सरळ असतात. मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवरून बेसच्याच रंगाचा एक पातळ हात फिरवला. टेपखाली जे काही झिरपायचं ते बेसचंच झिरपतं आणि ग्लेझची कड सुरीने कापल्यासारखी येते. एवढ्या एका कामाने भिंतीची कळा बदलते.

ग्लेझ लावायला दोघं लागतातच. एकाने रोलर मारायचा, दुसऱ्याने लगेच कोरडा, लांब केसांचा ब्रश छतापासून खालपर्यंत न थांबता ओढायचा आणि दर वेळी फडक्याला पुसायचा. न पुसलेला ब्रश रेघा काढत नाही, नुसता रंग पसरवतो. टेप ग्लेझ ओलं असतानाच काढायची.

रोजच्या वापरात भिंत छान टिकली आहे. बारीक रेघांमुळे धूळ, हाताचे पुसट डाग चटकन नजरेत येत नाहीत. ओल्या मऊ फडक्याने निघूनही जातात. तिरपं ऊन आलं की रेघांना खोली येते. पण त्याच उन्हात पुट्टीचे उंचवटेही दिसतात, तेव्हा घासकामात हात आखडता घेऊ नका.

खरी अडचण दुरुस्तीची. खुर्चीची पाठ घासून एका जागी रंग गेला. तेवढ्यापुरतं ग्लेझ लावून भागत नाही. जुन्यावर नवं चढतं तिथे गडद ठिगळ दिसतं. शेवटी दोन्ही बाजूंना टेप लावून तो पट्टा बेसपासून पुन्हा केला, वरपासून खालपर्यंत. पट्ट्यांचा मोठा फायदा इथेच कळला. पट्टे न पाडता भिंतभर सलग रेघा ओढल्या असत्या तर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत करावी लागली असती. अशा दुरुस्तीसाठी उरलेलं मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात, वर प्रमाण लिहून ठेवाच. तीच छटा पुन्हा जुळवणं महाकठीण.

स्विचबोर्डाजवळच्या पट्ट्यांवर पाण्यातलं मॅट वार्निश मारलंय. तेलातलं कालांतराने पिवळं पडतं, फिकट पट्ट्यांवर ते लगेच कळतं. पुढची भिंत झोपायच्या खोलीतली, पट्टे इतकेच रुंद. स्वयंपाकघरात मात्र नाही. तिथला तेलकट थर काढायला जोर लावावा लागतो, आणि तेवढं घासणं ग्लेझला सोसत नाही.