झिजलेल्या थ्री नॉट थ्रीसाठी हॉर्नडीची ०.३१२ इंची गोळी : एक परीक्षण

जुन्या लष्करी रायफलीचा नेम भरकटू लागला, की तिची नळी संपली असे मानून नवी नळी बसवण्याचा किंवा रायफल भिंतीवर टांगून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ली-एनफिल्डच्या, म्हणजे आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘थ्री नॉट थ्री’च्या बाबतीत हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो, असे माझे ठाम मत आहे. या रायफलीच्या पुष्कळशा नळ्या निकामी झालेल्या नसतात. आजच्या बाजारात मिळणारी गोळी त्यांना जाडीने अपुरी पडते, एवढेच. हॉर्नडी कंपनीची ०.३१२ इंच व्यासाची, १७४ ग्रेन (सुमारे ११.३ ग्रॅम) वजनाची, गोल टोकाची आणि सपाट बुडाची गोळी मी याच कारणासाठी वापरू लागलो आणि आता तिच्याविषयी सविस्तर लिहिण्याइतका माझा तिच्यावर विश्वास बसला आहे.

मी ओहायोत राहतो आणि हे परीक्षण मुख्यतः अमेरिकेत परवानगीच्या चौकटीत जुन्या रायफली बाळगणाऱ्या, स्वतः काडतुसे भरणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात .३०३ हा बोअर, म्हणजे नळीचे हे माप, सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्यामुळे तिथल्या वाचकांना यातला व्यावहारिक भाग लागू पडणार नाही. मात्र ज्या रायफलीने आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके काढली, तिच्या नळीत नेमके काय घडते हे जाणून घेण्यात त्यांनाही रस वाटेल.

माझी रायफल क्रमांक ४ मार्क १ तारांकित या प्रकारची असून ती १९४३ साली कॅनडात, टोरांटोजवळच्या लाँग ब्रांच कारखान्यात तयार झाली. युद्धकाळात उत्पादन वेगाने व्हावे म्हणून लाँग ब्रांच आणि अमेरिकेतील सॅव्हेज या दोन्ही कारखान्यांनी गोळीला फिरकी देणाऱ्या नेहमीच्या पाच खाचांऐवजी दोनच खाचांच्या नळ्याही बनवल्या. माझी नळी त्यांपैकी एक आहे. दोन खाचांची नळी म्हणजे कमअस्सल, असा एक समज प्रचलित आहे. तो खरा नाही. नेमाच्या बाबतीत ती पाच खाचांच्या नळीच्या फारशी मागे राहत नाही, आणि मोजमापाच्या दृष्टीने तर ती मालकाला अधिक सोयीची आहे. त्याचे कारण पुढे येईल.

या नळ्या झिजतात त्या तीन कारणांनी. त्या काळच्या काडतुसांत दारू म्हणून वापरले जाणारे कॉर्डाइट फार उष्ण जळते आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, लगेच पुढचा भाग, ज्याला आपण नळीचा घसा म्हणू, तो खाऊन टाकते. दुसरे कारण काडतुसाची दारू पेटवणाऱ्या टोपीतल्या (प्रायमरमधल्या) रसायनाचे. पोटॅशियम क्लोरेट जळाल्यावर नळीत जो क्षार उरतो, तो हवेतली ओल शोषून घेतो आणि गरम पाण्याने धुतला नाही तर काही दिवसांत गंज चढवतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेली, बुडावर ‘के.एफ.’ ही इंग्रजी अक्षरे कोरलेली जुनी काडतुसे आजही संग्राहकांच्या पेट्यांत पाहायला मिळतात. त्या काळच्या इतर लष्करी काडतुसांप्रमाणे तीही नळीला गंजवणारीच समजावी आणि, पुण्याची म्हणून कितीही आपुलकी वाटली तरी, झाडण्याऐवजी जपून ठेवावीत. तिसरे कारण सफाईचे. दोरीला चिंधी बांधून ती नळीतून ओढताना दोरी नळीच्या तोंडाच्या एकाच बाजूला वर्षानुवर्षे घासत राहिली, की तोंडाचा गोलावा जातो आणि बाहेर पडणाऱ्या गोळीला शेवटच्या क्षणी एका बाजूने धक्का बसतो.

गोळी विकत घेण्याआधी नळी मोजणे अत्यावश्यक आहे. नळीपेक्षा किंचित जाड असा शुद्ध, मऊ शिशाचा तुकडा घ्यावा, त्याला तेल लावावे, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढून ठेवावा आणि पितळी सळईने तो तुकडा तोंडाकडून आत सरकवत चेंबरमधून बाहेर काढावा. हे काम सावकाश, सळईवरच्या हाताकडे लक्ष ठेवून करावे, कारण नळीची खरी कहाणी हातालाच कळते. माझ्या नळीत शिसे तोंडाशी घट्ट होते, मधल्या लांबीत एकसारख्या दाबाने सरकत राहिले आणि घशाजवळच्या शेवटच्या काही इंचांत एकदम सैल झाले. बाहेर पडलेल्या तुकड्यावर दोन रुंद, चकचकीत पट्टे समोरासमोर उठले होते. ते मायक्रोमीटरमध्ये सरळ धरता येतात. पाच खाचांच्या नळीत मात्र प्रत्येक खाचेसमोर उंचवटा येत असल्यामुळे साधा मायक्रोमीटर चुकीचे माप दाखवतो आणि त्यासाठी त्रिकोणी बैठकीचे वेगळे मायक्रोमीटर लागते. माझ्याकडे खाचेतले माप ०.३१४५ इंच भरले. बाजारातली तयार काडतुसे बहुधा ०.३१०५ ते ०.३११ इंचाच्या गोळीची असतात, म्हणजे गोळी आणि खाच यांच्यात साडेतीन ते चार हजारांश इंचाची फट राहते. त्या फटीतून तप्त वायू गोळीच्या पुढे निसटतो, गोळीचा पृष्ठभाग वितळवतो आणि तिला नळीच्या मध्यरेषेवरून ढळवतो.

इथे मूळ लष्करी गोळीची रचना समजून घेतली, तर हॉर्नडीच्या गोळीचे मोल ध्यानात येते. ब्रिटिशांच्या मार्क ७ गोळीचे वजनही १७४ ग्रेनच होते. तिच्या टोकाच्या आत ॲल्युमिनियमसारखा हलका पदार्थ, त्यामागे शिसे आणि बूड सपाट व उघडे अशी तिची घडण होती. दारू पेटल्याबरोबर मागचे शिसे दाबाने फुगत असे आणि खाचा भरून काढत असे. त्यामुळे ढिसाळ मापाच्या किंवा झिजलेल्या नळीतही ती निभावून नेत असे. याउलट, विकर्स मशीनगनसाठी आणलेल्या मार्क ८ झेड या निमुळत्या बुडाच्या गोळीला असे फुगणे जमत नाही, आणि मार्क ७ झाडून झिजलेल्या नळीत तिचा नेम चांगला लागत नसे. आज मिळणाऱ्या बहुतेक पूर्ण आवरणाच्या गोळ्या निमुळत्या बुडाच्याच आहेत. त्या चांगल्या नळीत उत्तम चालतात. झिजलेल्या नळीसाठी मात्र त्यांची घडणच योग्य नाही.

हॉर्नडीच्या गोळीत तीन गोष्टी जुळून आल्या आहेत. व्यास एक हजारांशाने का होईना मोठा आहे, बूड सपाट आहे, आणि गोल टोकामुळे तिच्या एकूण लांबीपैकी नळीला टेकणारा सरळ भाग बराच मोठा आहे. शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घसा खाल्ला गेलेल्या नळीत गोळीला खाचांपर्यंत पोहोचण्याआधी रिकाम्या जागेतून उडी मारावी लागते. टोकदार गोळी या उडीत तिरकी होऊ शकते, तर लांब सरळ अंगाची गोळी काडतुसाच्या गळ्यात असतानाच पुढच्या खाचांच्या जवळ पोहोचलेली असते.

फळ काय मिळाले ते सांगतो. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, मूळ लोखंडी साईटने, १०० यार्डांवर तयार काडतुसांचा पाच गोळ्यांचा ग्रुप (छिद्रांचा झुबका) सहा इंचांच्या आसपास पसरत होता आणि कागदावर अधूनमधून एखादे छिद्र लांबुळके पडत होते, जे गोळी आडवी होऊ लागल्याचे लक्षण आहे. हॉर्नडीच्या गोळीने छिद्रे गोल पडू लागली आणि ग्रुप तीन इंचांच्या आत येऊ लागला. लोखंडी साईटच्या, ऐंशी वर्षांच्या रायफलीकडून मी याहून अधिकाची अपेक्षा करत नाही.

मात्र या गोळीचा लाभ हवा असेल, तर काडतूस भरण्यातही काळजी हवी. एनफिल्डचे चेंबर सैल असते आणि बोल्ट मागच्या बाजूने अडकत असल्यामुळे स्फोटाच्या दाबाखाली ॲक्शन (बोल्ट बसतो तो सांगाडा) थोडी ताणली जाते. अशा वेळी पितळी केस (काडतुसाचे कवच) दर खेपेला पूर्ण दाबून मूळ आकारात आणली, तर काही वापरांतच ती बुडाच्या वर चिरते. म्हणून आपल्याच रायफलीत झाडलेल्या केसेस वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांचा फक्त गळा आवळावा. गळा आतून ०.३१२च्या गोळीला साजेल इतका रुंद करणारा एक्सपांडर लावावा, अन्यथा सपाट बूड बसताना गळ्याची कड दुमडते. दारूचे वजन मान्यताप्राप्त पुस्तिकेतूनच घ्यावे आणि तिथल्या किमान मापापासून सुरुवात करावी. मूळ मार्क ७चा २४४० फूट प्रति सेकंद हा वेग गाठण्याचा हट्ट जुन्या रायफलीकडून धरू नये. माझ्या नळीने सर्वांत चांगला ग्रुप त्याहून बऱ्याच कमी वेगावर दिला.

गोळी बदलून जे सुधारणार नाही, त्याचाही उल्लेख करायला हवा. क्रमांक ४ची नळी पुढच्या टोकाशी खालच्या लाकडावर दाबून बसलेली असावी लागते. तोंड दोन ते सात पौंड जोराने उचलल्यावर लाकडापासून सुटावे, असा साधारण दंडक आहे आणि तो साध्या स्प्रिंग काट्याने तपासता येतो. लाकूड तेल पिऊन मऊ पडले किंवा सुकून आक्रसले, अथवा त्यातले धक्का झेलणारे मागचे खांदे चेपले गेले, तर जगातली कोणतीही गोळी ग्रुप आवळू शकत नाही. माझ्या रायफलीचे हे खांदे एका जुन्या कारागिराने अक्रोडाच्या लाकडाचे तुकडे बसवून नीट करून दिले होते आणि त्यानंतरच मी गोळ्यांच्या मापात लक्ष घातले. हाच क्रम योग्य आहे: आधी आतला तांब्याचा थर अमोनियायुक्त द्रावणाने चिंधीवर निळा रंग येणे थांबेपर्यंत काढावा, मग नळीचे तोंड, लाकूड आणि हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाच्या बुडाला मिळणारी जागा) जाणकाराकडून तपासून घ्यावे, आणि मग गोळी निवडावी.

गोळीच्या मर्यादा तिच्या आकारातच आहेत. गोल टोकाला हवेचा विरोध फार होतो, त्यामुळे २०० यार्डांच्या पुढे ती झपाट्याने खाली येते आणि २०० ते १३०० यार्डांच्या खुणा असलेली मूळ साईट तिला पुढच्या अंतरांवर जुळत नाही. टोकाचे शिसे उघडे असल्याने मॅगझिनमध्ये मागच्या काडतुसांची टोके थोडी चेपतात; शंभर यार्डांवर मला त्याचा परिणाम दिसला नाही, पण लांबच्या स्पर्धेसाठी मी ती वापरणार नाही.

खाचेतले माप ०.३१२ किंवा त्याहून कमी असलेल्या भाग्यवान मालकाला या गोळीची गरज नाही. त्याने सिएराची ०.३११ इंची, १७४ ग्रेनची मॅचकिंग ही गोळी घ्यावी. ०.३१३ ते ०.३१५ या टप्प्यात मी हॉर्नडीलाच पहिली पसंती देईन. ०.३१६ किंवा त्याच्या वर माप गेले, तर सपाट बुडाची ही गोळीसुद्धा पुरी पडेल याची खात्री देता येत नाही, तिथे ०.३१६ ते ०.३१७ इंचाची, बुडाला तांब्याची टोपी असलेली ओतीव शिशाची गोळी कमी वेगाने झाडून पाहावी. शिसे तिथेही सैल सरकत असेल किंवा नळीत डोळ्यांना दिसणारी फुगवटी असेल, तर ती रायफल गनस्मिथच्या हाती सोपवून नळी बदलून घ्यावी, आणि तोवर तिच्यातून एकही काडतूस झाडू नये.