फास्टॅगचा वार्षिक पास सहा महिने वापरून: मुंबई–नाशिकच्या घाटवाटांसाठी किती कामाचा?

१५ ऑगस्ट २०२५ ला हा पास आला तेव्हा हिशेब फार सोपा वाटत होता. तीन हजार रुपये, दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. म्हणजे पंधरा रुपयांत एक नाका. नाशिक–मुंबई ये-जा करणाऱ्याला आणखी काय हवं?

सहा महिन्यांच्या वापरानंतरचं मत थोडं वेगळं आहे. पास पैसे वाचवतो, त्यात वाद नाही. पण मुंबईहून निघून सह्याद्री बघत नाशिककडे यायचं असेल तर पास हाताशी धरून सहल आखू नका. या पट्ट्यातले बघण्यासारखे रस्ते बहुतेक बिनटोलाचे आहेत. जिथे टोल आहे तिथे रस्ता रुंद, वेग चांगला आणि खिडकीबाहेर ट्रक.

आधी पैशांचं बोलू. मुंबई–नाशिक महामार्गावर एका बाजूने दोन नाके लागतात, पडघ्याजवळचा अर्जुनाली आणि दुसरा घोटी. जाऊन-येऊन चार फेऱ्या. सहा महिन्यांत अशा दहा खेपा झाल्या, म्हणजे चाळीस. आणखी सहा वेळा जाताना महामार्ग आणि येताना जव्हारची वाट असा वळसा झाला, प्रत्येकी तीन नाके, म्हणजे अठरा. एकूण अठ्ठावन्न. याच गतीने वर्षाला एकशे सोळा होतील, तेव्हा नाका पंधरा रुपयांना नाही तर सव्वीसला पडतो. दोनशे फेऱ्या पुरत्या वापरायच्या तर मुंबई–नाशिकच्या पन्नास खेपा हव्यात, म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला एक. सहलीपुरती गाडी काढणाऱ्याचं ते काम नाही.

फायदा मोजताना बरेच जण एक चूक करतात. नाक्यावरच्या पाटीवर एकेरी दर असतो आणि शेजारी चोवीस तासांत परत येणाऱ्याचा दर, जो एकेरीच्या साधारण दीडपट असतो. शनिवारी पहाटे निघून रात्री परतणारा माणूस पासचा फायदा मोजताना एकेरी दराची दुप्पट धरतो आणि आकडा फुगतो. समजा एका नाक्याचा एकेरी दर शंभर आहे. त्याच दिवशी परतलात तर पासवाचून दीडशेच गेले असते, आणि त्या एका नाक्यावर तीन हजार वसूल व्हायला वीस खेपा लागतात. मुक्काम करून परतलात तर दोनशे, म्हणजे पंधरा खेपा. तुमच्या सहली कोणत्या प्रकारच्या आहेत ते बघून गणित मांडा. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी तर आधी स्थानिक मासिक पास विचारावा. घोटी-इगतपुरीकडच्या मंडळींना बहुतेक वेळा तोच परवडेल.

पास घेणं सोपं आहे. राजमार्गयात्रा अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकायचा, पात्रता तपासली जाते, पैसे भरले की साधारण दोन तासांत पास चालू. खाचखळगे त्याच्या आधी असतात. पास फक्त खासगी कार, जीप आणि व्हॅनला मिळतो. भाड्याच्या पिवळ्या पाटीच्या गाडीला नाही. फास्टॅगमध्ये रजिस्ट्रेशन नंबर नोंदलेला हवा. नवीन गाडी घेताना शोरूमवाल्याने चासी नंबरावर टॅग दिला असेल आणि नंतर नंबर चढवलाच नसेल, तर पास नाकारला जातो. टॅग देणाऱ्या बँकेकडे आरसी देऊन आधी तो बदल करून घ्या. पासचे पैसे वेगळे भरावे लागतात, टॅगच्या खात्यातली शिल्लक त्याला चालत नाही. आणि टॅग काचेला चिकटलेलाच हवा. डॅशबोर्डवर ठेवून किंवा हातात धरून दाखवण्याची सवय असेल तर ती मोडा. काचेच्या आतल्या बाजूने, आरशाच्या मागे, सनफिल्म किंवा काळ्या ठिपक्यांच्या पट्टीखाली न येईल असा लावा. जुना टॅग खरवडून काढताना गोंदाचा थर उरला तर नव्याची कड उचलली जाते. मग पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरली की ती कड आणखी सुटते, आणि लेनमधला दांडा वर जायला दोन-तीनदा मागेपुढे करावं लागतं. साधं टिश्यू आणि थोडं स्पिरिट, पाच मिनिटांचं काम आहे.

केवायव्हीचा (नो युवर व्हेइकल, म्हणजे टॅग त्याच गाडीवर आहे ना याची पडताळणी) निरोप आला तर तो बाजूला टाकू नका. गाडीचा समोरून फोटो मागतात. त्यात नंबरप्लेट आणि काचेवरचा टॅग दोन्ही वाचता आले पाहिजेत. भर उन्हात काच चमकते आणि टॅग दिसत नाही, म्हणून फोटो सावलीत काढा. टॅग बंद पडला तर पास असून नसल्यासारखाच. १५ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे चालू टॅग नसेल तर यूपीआयने सव्वापट भरावं लागतं. फेऱ्यांचा हिशेब अ‍ॅपमध्ये दिसतो. महिन्यातून एकदा डोळ्याखालून घाला. एकदाच ओलांडलेल्या नाक्याच्या दोन फेऱ्या लागल्याचं दिसलं तर १०३३ या हेल्पलाइनवर लगेच नोंदवा. तारीख, वेळ आणि नाक्याचं नाव जवळ असलं की बोलणं लवकर उरकतं.

आता पास कुठे चालत नाही ते बघा, कारण घोळ इथेच होतो. तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या नाक्यांसाठी आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू, समृद्धी, हे सगळे त्याच्या बाहेर. तिथे टॅग नेहमीसारखा चालतो आणि खात्यातून पैसे जातात. पास आहे म्हणून शिल्लक शून्यावर आणून ठेवणाऱ्याची फजिती समृद्धीच्या बाहेर पडायच्या नाक्यावर होते. मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर मात्र ऑक्टोबर २०२४ पासून कारला टोल नाही, त्यांचा विचार सोडून द्या.

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दराने कारला किलोमीटरमागे २.०६ रुपये, म्हणजे या टप्प्याला साधारण १५७. वेळ वाचवायला रस्ता उत्तम आहे. पण देखावा? कसारा घाटाच्या जागी जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा. थळ घाटातली (हे कसारा घाटाचंच दुसरं नाव) झाडी, दरीतून वर येणारं धुकं, रेल्वेचे पूल, सगळं डोंगराच्या पोटात गेलं. पाहुण्यांना ‘सह्याद्री दाखवतो’ म्हणून या बाजूने आणलंत तर त्यांना ट्यूबलाइट तेवढ्या दिसतील. शिवाय आमण्याला उतरल्यावर वडपे ते माजिवडा हा कोंडीचा पट्टा आहेच. वर वाचवलेला वेळ रविवारी संध्याकाळी तिथे परत जातो.

नकाशाचं अ‍ॅप सर्वांत झटपट रस्ता सुचवतं, म्हणून ते तुम्हाला बोगद्यातच घालणार. यावर उपाय म्हणून ‘टोल टाळा’ चालू करू नका. मग ते महामार्गच सोडतं आणि वाड्यावस्त्यांमधल्या कच्च्या रस्त्यांवरही नेऊ शकतं. त्याऐवजी मधले थांबे हाताने टाका. कसारा घाट हवा असेल तर घाटमाथ्यावरची घाटनदेवी हा थांबा द्या, रेषा आपोआप जुन्या महामार्गावर येते. वर देवळाजवळ गाडी लावून उंट दरी बघता येते. घाटात मध्येच वळणावर थांबू नका. मागून येणारा भरलेला ट्रेलर तुमच्या फोटोसाठी ब्रेक मारू शकत नाही.

सहल आखताना आधी घाट ठरवा, मग त्याच्यापर्यंत जायचा रस्ता. या पद्धतीने आजवर तीन वाटा पुन्हापुन्हा वापरून झाल्या.

पहिली सगळ्यांत चांगली: मुंबई–कसारा–नाशिक असं महामार्गाने यायचं आणि त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर करत परत जायचं. मनोरला अहमदाबाद महामार्ग लागला की मुंबईकडे फक्त खानिवड्याचा नाका. चारोटी वर गुजरातच्या बाजूला राहतं. नाशिक ते जव्हार साधारण ऐंशी किलोमीटर आहे, पण तासाच्या हिशेबाने त्याला महामार्गाचे ऐंशी समजू नका. त्र्यंबक सोडल्यावर आंबोलीपासून रस्ता डोंगरात शिरतो. पुढे तोरंगणच्या घाटात वळणं आखूड आहेत आणि एसटी समोरून आली की एकाला कडेला व्हावं लागतं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम इथे उपयोगी पडतो. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेकवर पाय राहिला तर तळाशी पोहोचेपर्यंत पेडल मऊ लागतं आणि चाकांना जळका वास येतो. तसं झालं तर मोकळ्या जागी थांबून पंधरा-वीस मिनिटं निवू द्या, पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकडी होते आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. टाकी नाशिकला भरा. जव्हारला मुक्काम केला तर दाभोसा धबधबा आणि जयविलास पॅलेस दोन्ही निवांत होतात.

दुसरी वाट लहान पण देखणी. कसाऱ्याहून विहिगावचा धबधबा, तिथून खोडाळा, मोखाडा आणि मग त्र्यंबक. विहिगाव कसाऱ्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते, म्हणून आठच्या आत पोहोचा. या वाटेवर मुंबईहून अर्जुनाली हा एकच नाका, पुढे पास खिशात. पहिन्याचे आणि दुगारवाडीचे धबधबे जोडायचा मोह होतो, पण तिथे पावसाळ्यात प्रशासन अधूनमधून बंदी घालतं आणि ते योग्यच आहे. वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो.

तिसरी भंडारदरा. घोटीहून साधारण पस्तीस किलोमीटर. टाकी घोटीतच भरा आणि रोख पैसेही तिथेच काढून घ्या. अभयारण्याच्या नाक्यावर आणि रतनवाडीला सुटे लागतात, फोनला रेंज असेलच असं नाही. वाटेत बारी लागतं, १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. धरणाच्या पाण्याभोवतीचा शेंडी–रतनवाडी–साम्रद–घाटघर हा फेरा जेमतेम चाळीसेक किलोमीटरचा, पण त्याला अर्धा दिवस द्या. रस्ता अरुंद आहे आणि घाटघरला कोकणकड्यावर धुकं असेल तर ते विरळ होण्याची वाट बघण्यात तास जातो. ऑफलाइन नकाशा घरीच उतरवून ठेवा. परत त्याच रस्त्याने यायचं नसेल तर राजूर, कोतूळ, ओतूरमार्गे माळशेज उतरून मुरबाड-कल्याण गाठता येतं. मात्र माळशेज अंधार पडायच्या आत उतरा. पावसात तिथे दरडीही येतात आणि धुकंही उतरतं.

उन्हाचा विचार फार थोडे जण करतात. मुंबई–नाशिक रस्ता ढोबळमानाने ईशान्येला जातो. मुंबईकर सकाळी निघाला की ऊन समोरून, संध्याकाळी परतला की पुन्हा समोरून. डोंगरही काळे दिसतात आणि डोळेही दुखतात. म्हणून मुंबईहून पहाटे साडेचार-पाचला निघा आणि उजाडायला कसाऱ्याच्या पायथ्याशी असा. ऊन चढेपर्यंत घाट मागे पडलेला असतो. नाशिककरांचं उलटं, सकाळी मुंबईकडे जाताना ऊन पाठीवर आणि संध्याकाळी येतानाही पाठीवर. एवढ्या एका बाबतीत तरी आपण मुंबईकरांपेक्षा नशीबवान.

पासचा एक फायदा मात्र हिशेबात धरला नव्हता. पुढचा नाका फुकट आहे हे माहीत असलं की माणूस बेत बदलायला कचरत नाही. इगतपुरीला पोहोचल्यावर धुकं फार दाट निघालं तर सरळ नाशिकला येऊन मिसळ खाऊन दुपारी परत घाट बघता येतो, टोल दोनदा गेला म्हणून चुटपुट लागत नाही. पण हाच सैलपणा उलटाही पडतो. संध्याकाळ झाली, थकवा आला की ‘पास आहेच, महामार्गाने सुटू’ असं होतं, आणि जव्हारची वाट पुढच्या वेळेवर जाते. सोळा सहलींपैकी दहा सरळ महामार्गाच्या निघाल्या, त्याचं कारण थोडं हेच.

सरळ महामार्गाने ये-जा करणारा, ज्याची महिन्याला तीन-चार तरी खेप होते आणि मधूनच पुण्याकडे शिंदे, हिवरगाव पावसा, चाळकवाडी असे नाके लागतात, त्याने पास डोळे झाकून घ्यावा. वर्षातून सहा-सात सहली करणाऱ्याने तीन हजारांत चार नवे वायपर, एक टायर इन्फ्लेटर आणि चांगली दोन जेवणं येतात हे लक्षात ठेवावं.

२०२७ च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकच्या बाजूला रस्त्यांची कामं चालू आहेत, त्यामुळे त्या रस्त्यावर डायव्हर्जन आठवड्यागणिक बदलतात. त्र्यंबककडून निघणार असाल तर आदल्या रात्री तिकडच्या कुणाला तरी फोन करून विचारा. आणि डायव्हर्जनच्या खडीवर वेग तीसच्या आत ठेवा, समोरच्या डंपरचा दगड काचेवर बसतो. काच बदलावी लागली तर तिच्याबरोबर टॅगही जातो.